नामंजूर म्हटल्यावर माणूस जातो कुठे? बीडच्या माळावरच्या निर्वासित-वाटेचं एक प्रकरण

निर्वासितांचा प्रवास अडथळ्यांच्या वाटेतून अनुभवायला लावणारे कोर्स जगात बऱ्याच ठिकाणी होतात. हाँगकाँगच्या क्रॉसरोड्स फाउंडेशनने दाव्होसच्या आर्थिक परिषदेला जमणाऱ्या बड्या मंडळींना असा प्रवास करायला लावला. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ने २०१६ पासून अमेरिकेतल्या शहरांमध्ये असंच एक फिरतं प्रदर्शन नेलं. या सगळ्यांमागे एक गृहीत असतं: समोरचा माणूस सुखवस्तू आहे, घर सोडणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही, म्हणून त्याला आतून हलवायचं.

बीडमध्ये हे गृहीत टिकत नाही. दसरा-दिवाळी उरकली की इथून लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. भांडी, अंथरुणं, शेळ्या, लेकरं सगळं एका ट्रॉलीत. टँकरच्या रांगेत घागर लावण्यापायी शाळा बुडलेल्या मुली इथं घरोघरी सापडतात. त्यात गट मुस्लिम मोहल्ल्यातला असेल तर आणखी एक गोष्ट येते. कोर्समधला अधिकारी 'कागद दाखवा' म्हणतो, तेव्हा त्यांना ते दूरदेशीचं वाटत नाही.

अशा एका गटाला ही वाट चालवली, त्याचं हे टिपण. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या कोर्सचा जीव लोकांना तंबूत बसवून हाल भोगायला लावण्यात नाही. निर्णय घेणाऱ्याच्या खुर्चीत त्यांना बसवलं की खरा अभ्यास सुरू होतो, आणि ज्यांना आयुष्यात ती खुर्ची क्वचितच मिळते त्यांच्या बाबतीत तर फारच.

गट आणि जागा

बीड शहरातल्या एका मोहल्ल्यात चालणारी अभ्यासिका. तिथल्या मुलींनी २० जूनच्या जागतिक निर्वासित दिनाला भित्तिपत्रक केलं होतं, त्यातून हा विषय निघाला. एकतीस जण तयार झाले: अकरावी-बारावीच्या मुली, त्यांच्यातल्या काहींच्या आया आणि एक सासू, उर्दू शाळेतल्या दोन शिक्षिका, काही तरुण, इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक सर. मोहल्ल्यातल्या मशिदीचे इमाम 'बघायला' म्हणून आले आणि दिवसभर थांबले. माझ्याबरोबर समाजकार्याचे काही विद्यार्थी मदतनीस होते. जागा म्हणजे बिंदुसरा धरणाच्या अंगाला असलेलं एक पडीक रान. महिना जानेवारीचा, कारण जूनच्या उकाड्यात बुरखा घालून जाळ्याखालून सरपटायला लावणं हा शुद्ध निर्दयपणा झाला असता.

आधीची बैठक

कोर्सच्या आठवडाभर आधी अभ्यासिकेत बसलो. अशी बैठक टाळून कोणी थेट मैदानात गट उतरवत असेल तर त्याने हा कोर्स घेऊच नये, असं मी स्पष्ट म्हणेन. आमची अर्धी रचना त्या बैठकीत बदलली.

पहिला मुद्दा आयांनी काढला, तो फोटोंचा. एखाद्या मुलीच्या गळ्यात 'रोहिंग्या' (म्यानमारमधून पळालेले मुस्लिम) असं कार्ड, हातात गाठोडं, आणि तो फोटो व्हॉट्सॲपवर सुटला तर? हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा फेकला जातो, आणि फोटोखाली काय मजकूर येईल ते आपल्या हातात राहत नाही. भीती अगदी रास्त होती. ठरलं ते असं: मदतनिसांसह सगळ्यांचे फोन एका पेटीत, एकही फोटो नाही, रानमालकाची लेखी परवानगी आणि पोलीस ठाण्याला आधी पत्र.

दुसरा मुद्दा प्रवासाच्या कार्डांचा होता. प्रत्येकाला एका निर्वासिताची थोडक्यात कहाणी देतात. सगळी कार्डं मुस्लिम निर्वासितांची ठेवली असती तर दिवसभर आपल्याच माणसांचा शोक झाला असता. एकही ठेवलं नसतं तर ते खोटं ठरलं असतं. म्हणून रोहिंग्या आणि सीरियन कार्डांशेजारी १९८३ नंतर श्रीलंकेतल्या जाफन्यातून निघालेला तमिळ शिक्षक होता, काबूलमधली शीख बाई होती, १९५९ नंतर हिमालय ओलांडलेलं तिबेटी कुटुंब होतं. तिबेटी कार्ड पाहून एक मुलगी म्हणाली, "ये तो स्वेटरवाले." हिवाळ्यात स्वेटर विकायला येणारे तेवढेच तिला ठाऊक होते. गोंदिया जिल्ह्यात तिबेट्यांची वसाहत आहे, आणि आपलं उल्हासनगर म्हणजे सिंधमधून आलेल्यांचा मूळचा कल्याण कॅम्प, हे ऐकल्यावर 'निर्वासित' हा नकाशा तिच्यासाठी जरा जवळ सरकला.

कपडे, अंतर, आजारपण हे प्रश्न पटकन सुटले. बायकांची आणि पुरुषांची वाट वेगळी, जाळं कमरेइतकं उंच, डोळ्यांना पट्टी बांधणं रद्द, हात धरून ओढणं रद्द, लाकडी बंदुका रद्द. कोणीही 'बस' म्हटलं की सगळी वाट जागच्या जागी थांबणार, आणि का थांबवलं हे त्याला विचारायचं नाही.

शेवटी इमामांनी हबशाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाकडच्या, हिजरतीची (स्थलांतराची) गोष्ट सांगितली. मदिनेच्या हिजरतीच्याही आधी, साधारण इ. स. ६१५ मध्ये, मक्केतल्या छळाला कंटाळून मुसलमानांची एक तुकडी समुद्र ओलांडून हबशाला गेली. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. मक्केतल्या सत्ताधारी कुरैश टोळीने मागोमाग वकील धाडले, नजराणे दिले आणि 'आमची माणसं परत द्या' अशी मागणी केली. नजाशीने दोन्ही बाजू ऐकल्या. जाफर बिन अबी तालिब यांनी त्याला सूरह मरियमच्या आयती ऐकवल्या. राजाने नजराणे परत केले आणि माणसं सोपवायला नकार दिला.

गटाला ही गोष्ट पाठ होती. पण ती त्यांनी कायम हिजरत करणाऱ्यांच्या बाजूने ऐकली होती. मला तिच्यात सुनावणी दिसली: फिर्यादी, प्रतिवादी, पुरावा, निकाल. जिथे छळ होईल तिथे माणसाला परत ढकलायचं नाही, हे १९५१ च्या निर्वासित कराराचं तेहतिसावं कलम. त्याचा व्यवहार या गोष्टीत स्वच्छ आहे. कोर्सचा शेवटचा टप्पा मी त्याच रात्री बदलला. तंबूत संपणारी वाट आता नजाशीच्या खुर्चीपाशी संपणार होती.

वाट

सुरुवातीचे टप्पे नेहमीचे. दोन मिनिटांत पाच वस्तू निवडून गाठोडं बांधायचं, दोरीला बांधलेली घुंगरं न वाजवता कुंपण ओलांडायचं, मग 'नदी'. निळी ताडपत्री, ट्रॅक्टरच्या ट्यूबा, फळ्या. पाय टेकला की पूर्ण कुटुंब मागे. ही नाफ नदी. २५ ऑगस्ट २०१७ नंतरच्या महिन्यांत सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात गेले, त्यातले कित्येक ही नदी ओलांडून. तरुणांनी इथं दंगा केला, एक जण ताडपत्रीवर पडला, सगळे खिदळले. एका मदतनिसाला ते खटकलं. मला नाही. अवघड जागी माणसं हसतात, आणि त्यांना गप्प करून गांभीर्य येत नाही. पुढे चला म्हटलं.

छावणीच्या टप्प्यावर मात्र थांबायला हवं, कारण तिथं बीडने कोर्सला शिकवलं.

मदतकार्यातले किमान निकष आम्ही जमिनीवर आखून दाखवतो. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, पाण्याचं ठिकाण ५०० मीटरच्या आत, रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ नाही, २० माणसांमागे एक संडास, छपराखाली माणशी साडेतीन चौरस मीटर. मोठ्या शहरात १५ लिटरचा आकडा सांगितला की लोक हबकतात. इथं एक आई म्हणाली, "पंधरा? रोज? दुष्काळात आमच्याकडे आठवड्याला टँकर होता." २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे न्यावी लागली, तो काळ सगळ्यांना तोंडपाठ होता. आकड्याने धक्का बसवण्याचा बेत तिथंच संपला, आणि त्यातून खरी चर्चा उघडली. बायकांनी दोरी मागितली आणि संडास तंबूपासून किती दूर आहे ते मोजलं. निकष ५० मीटरचा. मग त्यांनी विचारलं: उजेड आहे का? कडी आतून लागते का? पाळीच्या दिवसांत कापड धुवायला आडोसा कुठे? रात्री पाण्याला मुलगी गेली तर बरोबर कोण? अर्ध्या तासात त्यांनी छावणीचा आराखडा पुन्हा मांडला: नळ बायकांच्या तंबूंकडे सरकवला, संडासांच्या दोन रांगा केल्या, मधे दिव्याची जागा ठेवली. अनुभव असलेल्या माणसाला अनुभव द्यायला जाऊ नये, त्याच्याकडून काम करून घ्यावं, हे तिथं मला फार प्रकर्षाने दिसलं.

दुपारी नमाजची वेळ झाली. एका मुलाने हुशारीने विचारलं, आपण मुसाफिर आहोत, तर कसर चालेल का? कसर म्हणजे प्रवासात चार रकातींची (नमाजच्या आवर्तनांची) नमाज दोन रकातींवर येते, आणि हनफी या सुन्नी परंपरेच्या मतानुसार त्यासाठी साधारण ४८ मैलांचा, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटरचा प्रवास लागतो. इमाम म्हणाले, "खेल में मुसाफिर हो, नमाज में नहीं. घर यहीं पास में है." चार रकाती झाल्या, पुरेशा पाण्याने वुजू (नमाजआधीचं हातपाय-तोंड धुणं) झाला, आणि छावणीचं पाणी मोजून देणारा मदतनीस तेवढा वेळ बाजूला बसला. खेळ कुठे संपतो आणि आपण कुठे सुरू होतो ही रेघ आखायला मी एरवी फार शब्द खर्च केले असते. इमामांचं एक वाक्य पुरलं, आणि पुढच्या टप्प्यावर ती रेघ कामाला आली.

चेकपोस्ट

या टप्प्यावर नेहमी खाकीतला माणूस ओरडतो, सामान फेकतो. आम्ही ओरडणं आधीच काढलं होतं. ठेवलं होतं ते कागद: ग्रीक लिपीतला अर्ज, तीन शिक्के, आणि एक नियम की दोन कागदांवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर रांगेच्या शेवटी जायचं. हा टप्पा ठेवायचा की नाही यावर बैठकीत बोलणं झालं होतं आणि गटानेच 'ठेवा' म्हटलं होतं. आधार, रेशनकार्ड आणि शाळेच्या दाखल्यावर एकाच बाईचं नाव एकदा बी, एकदा बेगम असं पडलेलं असतं आणि त्यापायी किती हेलपाटे होतात, हे ज्या घरात माहीत नाही असं घर तिथं नव्हतं. २०१९ च्या शेवटी नागरिकत्वाच्या कायद्यावरून वातावरण तापलं तेव्हा अनेकांनी आजोबांचे दाखले शोधायला पेट्या उपसल्या होत्या.

गटातल्या सासूबाई, ज्यांना सगळे खाला म्हणत, त्यांचा कागद परत आला. त्या रांगेच्या शेवटी गेल्या. पुन्हा पुढे आल्या, पुन्हा परत. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "कागद दिखाओ बोले तो मेरेकू खेल नै लगता. बस."

वाट थांबली. घुंगरांजवळचे, ताडपत्रीजवळचे, सगळे जागच्या जागी.

अशा वेळी कोर्स घेणाऱ्याच्या तोंडात दोन वाक्यं आयती असतात: 'हा नुसता खेळ आहे' आणि 'बघा, निर्वासितांना असंच वाटतं'. दोन्ही अपमानाची आहेत. पहिलं तिची गोष्ट खोटी ठरवतं, दुसरं तिच्या दुखण्याचा धडा करतं. मी पाणी दिलं, शेजारी बसले आणि तीन वाटा ठेवल्या: हा टप्पा सोडून पुढे जाऊ, इथंच थांबवू, किंवा टेबलामागच्या खुर्चीवर तुम्ही बसा. खाला बराच वेळ बोलल्या नाहीत. मग उठल्या आणि खुर्चीवर बसल्या.

त्यांनी टेबल चालवलं ते आमच्या मदतनिसापेक्षा कडक. स्वतःच्या सुनेला शिक्का पुसट आहे म्हणून मागे पाठवलं. एका मुलाचं कार्ड उलटं धरून "समझ में नै आता, कल आव" म्हणाल्या. रांग लांबली, कुरबुर सुरू झाली. दहा-बारा माणसं झाल्यावर त्या मला म्हणाल्या की इथं बसलं की माणसाचं तोंड दिसत नाही, कागदच दिसतो. पुढचा कागद त्यांनी बाजूला ठेवला आणि समोरच्या मुलीला विचारलं, काय झालं, का निघालीस?

त्या दिवशी ज्या प्रश्नासाठी मी शेवटचा टप्पा बदलला होता, तो असा माझ्या आधीच विचारला गेला.

सुनावणी

तिघांचं एक मंडळ, अशी मंडळं बसवली. समोर नियम लिहिलेला: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे छळ होईल अशी साधार भीती आहे का, आणि माणूस आपल्या देशाबाहेर आहे का? भारताने १९५१ च्या करारावर किंवा १९६७ च्या प्रोटोकॉलवर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही, हे आधी सांगितलं. खेळात मात्र करारच लागू.

रोहिंग्या कार्ड मिनिटभरात मंजूर. मी हरकत घेतली: कारण लिहा. 'बिचारे आहेत' हे कारण चालणार नाही. मग मंडळाने कार्ड नीट वाचलं. १९८२ च्या बर्मी कायद्याने त्यांना नागरिक म्हणून मोजलं गेलं नाही, याचा अर्थ काय, कागद का नाहीत, कागद नसणं हाच पुरावा कसा, हे त्यांनी आपसांत लढवलं. निकाल तोच राहिला, पण आता त्याच्याखाली पाच ओळी होत्या. काबूलच्या शीख बाईला मंजुरी देताना एका शिक्षिकेने सूरह तौबाची सहावी आयत काढली: मुश्रिकांपैकी (अनेक देव मानणाऱ्यांपैकी) कोणी आसरा मागितला तर त्याला आसरा द्या आणि मग सुरक्षित ठिकाणी पोचवा.

मग ऊसतोड कामगाराचं कार्ड आलं. केज तालुक्यातला, दुष्काळ, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, मुकादम घरी येऊन धमकावतो. मंडळाला मंजूर करायचं होतं. "ये तो अपना आदमी है." पण नियम आडवा आला: सीमा ओलांडलेली नाही, आणि दुष्काळ हा पाच कारणांत बसत नाही. एका मुलीने 'सामाजिक गट'मध्ये बसवायचा प्रयत्न केला आणि तो चांगलाच मांडला. तरीही दोन विरुद्ध एक, नामंजूर. तिने निकालावर सही करायला नकार दिला. कराराच्या शब्दांबाहेर किती माणसं उरतात हे मी फळ्यावर लिहून इतकं स्पष्ट करू शकले नसते.

शेवटचं कार्ड सशस्त्र टोळीत राहून गावं जाळलेल्या आणि आता स्वतः पळून आलेल्या माणसाचं. इथं इतिहासाच्या सरांनी कार्ड खाली ठेवलं आणि विचारलं, "एखादा रझाकार असाच दारात आला असता तर?"

मराठवाड्यात हा प्रश्न विचारला की हवा बदलते. रझाकार म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या बाजूने लढणारी सशस्त्र संघटना. तिचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. शिक्षा भोगून १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात गेला. करारात याचं उत्तर आहे. युद्धगुन्हे किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे केल्याचं मानायला गंभीर कारण असेल तर त्या माणसाला निर्वासित म्हणून संरक्षण नाही. पण त्याच्या बायकोचा, मुलाचा, शेजाऱ्याचा अर्ज वेगळा वाचायचा. गुन्हा ज्याचा त्याच्या नावावर. सरांनी तो नियम दोनदा मोठ्याने वाचला. कारण १९४८ मध्ये नेमकं हेच झालं नाही. रझाकारांच्या जुलमामुळे निजामाच्या हद्दीतली हिंदू कुटुंबं बार्शीकडे, सोलापूरकडे पळाली. सप्टेंबरात भारताने हैदराबाद संस्थानात फौज घातली, ती 'पोलीस कारवाई', आणि सूड ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा मुसलमानांवरही उगवला. चौकशीसाठी सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार दिला, सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, आणि तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

बोलणं

शेवटच्या गोलात मी एकच नियम ठेवते: एकाच्या कहाणीला दुसऱ्याची कहाणी उत्तर म्हणून द्यायची नाही. बोलणाऱ्यानंतर थोडं थांबायचं, मग हवं तर आपलं वेगळं सांगायचं. हा नियम नसता तर त्या संध्याकाळी हिशेब सुरू झाला असता. खालांनी सांगितलं की त्यांची आजी उस्मानाबादकडून दोन लेकरं घेऊन रात्रीच्या वाटेने निघाली आणि दिवसा ज्वारीत लपली. आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने एका मदतनिसाने, जो हिंदू घरातला आहे, आपल्या पणजोबांचं बार्शीला जाणं सांगितलं. ज्वारी त्याच्याही गोष्टीत होती. कोणी कोणाला काही जोडून दाखवलं नाही, आणि मीही नाही.

गोलाला आम्ही वाटेइतकाच वेळ दिला. निम्म्या वेळात उरकणारे कोर्स मी पाहिले आहेत. माणसं जागी करून घरी पाठवायची आणि पुढचं त्यांनी एकट्याने निस्तरायचं, असा तो प्रकार.

त्यानंतर काय बदललं

निकालावर सही न करणाऱ्या मुलीने शेवटी विचारलं, "नामंजूर बोले, फिर वो आदमी गया कां?" आमच्या वाटेत त्यापुढे काही नव्हतं. खऱ्या जगात असतं: अपील, वकील मिळणं न मिळणं, कोठडी, परतीचं विमान, किंवा वर्षानुवर्षं कागदाशिवाय राहणं. गटाने तो टप्पा स्वतः तयार करायचा म्हटलं आणि केला. आता नामंजूर कार्ड अपिलाच्या टेबलावर जातं. तिथं वेळेची मुदत असते, दुभाषा प्रत्येक कुटुंबाला मिळत नाही, आणि अपील ऐकणाऱ्याने पहिल्या मंडळाचं कारण वाचून त्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. ऊसतोड कामगाराचं कार्ड तसंच ठेवलं आहे. नियमात न बसणाऱ्या माणसासाठी कोणत्या खात्याकडे, कोणत्या कायद्याखाली जाता येईल, हे शोधायचं काम त्या टेबलावर दिलं आहे. एका गटाने किमान वेतनाचा मार्ग सुचवला, दुसऱ्याने वेठबिगारीविरुद्धच्या १९७६ च्या कायद्याचा.

पुढच्या वेळी हीच वाट शहरातल्या मिश्र गटासाठी लावली. चेकपोस्टचं टेबल खालांकडे होतं, आणि मदतनिसांना नियम समजावून सांगण्याचं कामही.